कळवळा आणि राखण: ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ची वाटचाल

चिपळूणमध्ये 1992 साली भाऊ काटदरे आणि त्यांच्या मित्रांनी ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ ही संस्था सुरू केली. त्या काळात कोकणाबद्दल बोलताना लोकांच्या तोंडी येत ते आंबा, काजू, कोकण रेल्वे आणि मुंबईहून येणारी मनिऑर्डर. किनाऱ्यावरच्या एखाद्या पक्ष्यासाठी किंवा समुद्रातून येणाऱ्या कासवासाठी कुणी संस्था काढावी, ही कल्पनाच नवीन होती. गेल्या तीन दशकांत या संस्थेने जी कामे हाती घेतली, ती पाहताना मला एक गोष्ट सतत जाणवते. मुक्या जिवाबद्दल कळवळा वाटणारी माणसे आपल्याकडे कधीच कमी नव्हती. कमतरता होती ती त्या कळवळ्याचे रोजच्या राखणीत रूपांतर करणाऱ्यांची. या संस्थेची वाटचाल ही मुख्यतः त्या रूपांतराची गोष्ट आहे.

सुरुवातीच्या मोठ्या कामांपैकी एक पाकोळ्यांचे. वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रात खडकाळ बेटे आहेत आणि त्यांतल्या एका बेटावरच्या गुहेत भारतीय पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. हा पक्षी आपल्या लाळेने घरटे बांधतो आणि ते गुहेच्या कातळाला चिकटवतो. पूर्व आशियात अशा घरट्यांचे सूप महाग विकले जाते, म्हणून चोरटे लोक ती खरवडून नेत. घरट्यात अंडी असोत की पिल्ले, त्यांना फरक पडत नसे. 2001च्या सुमारास संस्थेने हा चोरटा व्यापार उघडकीला आणला, वनखात्याच्या मागे लागून गुहेवर पहारा बसवला आणि या पक्ष्याला कायद्याचे सर्वांत कडक संरक्षण मिळावे म्हणून पाठपुरावा केला. पुढे पाकोळीचे नाव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात गेले.

हे काम लोकांच्या फारसे लक्षात नाही, आणि ते साहजिक आहे. काळसर, चिमणीएवढा, सतत हवेत भिरभिरणारा हा पक्षी. किनाऱ्यापासून दूर, अंधाऱ्या गुहेत त्याचे घर. त्याच्या डोळ्यांत डोळे घालून पाहण्याची संधी कुणाला मिळत नाही. ज्याच्याशी नजर भिडत नाही त्याच्याविषयी माया वाटणे अवघड जाते. तरीही या माणसांनी तो विषय आधी घेतला, हे त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाकडे पाहताना विसरू नये.

याच काळात संस्थेचे कार्यकर्ते पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाची घरटी शोधत कोकणचा किनारा पालथा घालत होते. त्या पाहणीत 2002 साली ते रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावी पोचले. वेळास म्हणजे नाना फडणवीसांचे गाव. एका बाजूला बाणकोटचा किल्ला आणि सावित्रीची खाडी, खाडीपलीकडे हरिहरेश्वर, आणि गावाच्या पुढ्यात सुरुबनाच्या आडोशाला लांबलचक पुळण. त्या वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले पडलेली दिसली. गरुड शोधायला आलेली माणसे तिथेच थांबली.

टरफले कशी आली, हे गावात सगळ्यांना माहीत होते. थंडीच्या दिवसांत, रात्री, ऑलिव्ह रिडले जातीची मादी समुद्रातून वर येते. मागच्या वल्ह्यांनी दीडेक फूट खोल, मडक्यासारखा खड्डा खणते, त्यात शंभर ते दीडशे अंडी घालते, खड्डा बुजवते, अंगाने वाळू थोपटते आणि परत पाण्यात जाते. पुन्हा त्या घरट्याकडे ती फिरकत नाही. वाळूत उरतो तो तिच्या येण्या-जाण्याचा माग. हा माग कोल्ह्याला कळतो, कुत्र्याला कळतो आणि पहाटे किनाऱ्यावर जाणाऱ्या माणसालाही कळतो. घरटे सापडले की सगळी अंडी काढली जात, काही खाल्ली जात, काही विकली जात. यात कुणाला पाप वाटत नव्हते. फणस पिकला की उतरवावा, तशीच ती समुद्राकडून आलेली वस्तू होती.

इथे एक गोष्ट मनात येते. महाराष्ट्रातल्या पुष्कळ जुन्या देवळांत गाभाऱ्यासमोरच्या फरसबंदीत दगडी कासव असते. आपण त्याला हात लावून नमस्कार करतो. कूर्मावताराची कथा लहानपणापासून ऐकतो. पण दगडातल्या कासवावरची श्रद्धा वाळूतल्या अंड्यांपर्यंत आपोआप पोचली नव्हती. श्रद्धा खोटी होती, असे मी म्हणणार नाही. त्या अंड्यांत काय आहे, हे पाहण्याची वेळच गावावर कधी आली नव्हती. अंडे वाळूत असते आणि पिल्लू बाहेर पडते ते पन्नासेक दिवसांनी, बहुधा रात्री किंवा पहाटे. वेळासमध्ये जन्म गेलेल्या पुष्कळ लोकांनी कासवाचे पिल्लू कधी पाहिलेले नव्हते.

संस्थेने पहिला शहाणपणाचा निर्णय घेतला तो माणसांबाबत. अंडी काढणाऱ्यांवर तक्रारी गुदरता आल्या असत्या. कासव पहिल्या परिशिष्टातला प्राणी आहे, कायदा बाजूने होता. त्यांनी उलट त्याच लोकांना मानधन देऊन राखणीला घेतले. माग वाचण्यात त्यांच्याइतके तरबेज दुसरे कुणी नव्हते. अंधारात, भरतीने अर्धा पुसलेल्या खुणेवरून घरटे नेमके कुठे आहे हे सांगणे, काठी टोचून वाळूचा भुसभुशीतपणा ओळखणे, हे ज्ञान पुस्तकात मिळत नाही. काल ज्या हातांनी अंडी बाजारात नेली, तेच हात आज ती अलगद टोपलीत भरून कुंपण घातलेल्या सुरक्षित जागेत नेऊ लागले. तिथे तेवढ्याच खोलीचा, तशाच आकाराचा खड्डा करून ती पुन्हा पुरायची. अंडे उलटेपालटे होऊ द्यायचे नाही, फार वेळ उघड्यावर राहू द्यायचे नाही, प्रत्येक खड्ड्याची तारीख आणि अंड्यांची संख्या लिहून ठेवायची. 2002-03 च्या पहिल्याच हंगामात वेळास आणि आसपासच्या किनाऱ्यांवर 50 घरटी राखली गेली आणि 2734 पिल्ले समुद्रात सोडली गेली.

गावाचे मन कशाने पालटले, असे विचारले तर मी बोट ठेवेन ते या राखणीच्या रात्रींवर. व्याख्यानेही झाली, पोस्टरेही लागली, त्यांचा उपयोग झालाच असेल. पण एखाद्या माणसाने स्वतःच्या हाताने अंडी पुरावीत, दीड-दोन महिने ती कोल्ह्याकुत्र्यांपासून सांभाळावीत आणि एका पहाटे वाळू थरथरून आतून एकामागून एक काळपट, करंगळीएवढी पिल्ले डोके वर काढताना पाहावीत, की त्या माणसाचे त्या जिवाशी नाते जडते. आपण नेहमी म्हणतो की आधी माया वाटते आणि मग माणूस काळजी घेतो. वेळासला पुष्कळदा उलट घडले. काळजी घेता घेता माया लागली. ज्यांना मुक्या प्राण्यांविषयी काही काम उभे करायचे आहे त्यांनी हा क्रम लक्षात ठेवावा, असे मला मनापासून वाटते. लोकांची मने बदलण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा त्यांच्या हाती एक नेमके, जमण्यासारखे काम देणे अधिक फळते.

मानधनावर मात्र कायम चालणार नव्हते. संस्थेची थैली लहान, किनारा लांब. म्हणून 2006 साली वेळासला पहिला कासव महोत्सव भरला. पिल्ले समुद्राकडे जाताना पाहायला लोकांनी यावे, गावात राहावे, गावच्या घरात जेवावे आणि तो पैसा थेट गावात यावा, अशी योजना. हॉटेल नाही, रिसॉर्ट नाही. कुणाच्या पडवीत, कुणाच्या माजघरात पथाऱ्या. जेवायला भात-आमटी, सोलकढी, पाहुणे शाकाहारी असोत की मासे खाणारे, जे घरात शिजते तेच, आणि सांगितले तर उकडीचे मोदक. हळूहळू पुण्या-मुंबईची माणसे येऊ लागली आणि वेळास हे नाव कासवांमुळे ओळखले जाऊ लागले. गावातल्या बाईच्या हाती तिच्या स्वतःच्या स्वयंपाकाचे पैसे येऊ लागले, हा या गोष्टीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग आहे. किनाऱ्यावर राखण करायला बहुतेक पुरुष जात. महोत्सवाने त्या राखणीत घराघरातल्या बायकांचा वाटा आणला. अंड्याला हात लावू नको असे सांगणारे माणूस आता घरातच होते.

गावातले तरुण या कामात तयार झाले. मोहन उपाध्ये हे त्यांतले ठळक नाव. वेळासच्या घरट्यांपासून सुरुवात करून पुढे ते कोकण किनाऱ्यावरच्या कासव संवर्धनाच्या समन्वयाचे काम पाहू लागले. आंजर्ले, केळशी, कोळथरे, गुहागर, दिवेआगर, तांबळडेग अशी एकामागून एक गावे जोडली गेली. प्रत्येक गावाची पद्धत थोडी वेगळी, भांडणेही वेगळी, पण वेळासचा नमुना सगळ्यांपुढे होता. पुढे वनखात्याने आणि त्याच्या कांदळवन कक्षाने या कामाची जबाबदारी उचलली. संस्थेने एक काम उभे करावे, चालते करावे आणि मग ते सरकार व गावे यांच्या हवाली करून बाजूला व्हावे, हे आपल्याकडे क्वचित घडते. इथे ते घडले.

महोत्सवाची दुसरी बाजूही सांगायला हवी. सकाळी आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी घरट्यांवरच्या टोपल्या उचलल्या जातात आणि पिल्ले दोरीपलीकडे उभ्या असलेल्या लोकांच्या देखत समुद्राकडे निघतात. पिल्लू वाळूतून बाहेर येते तेव्हा त्याच्या अंगात पहिल्या पोहण्यासाठी साठवलेली ताकद असते. ते जितका वेळ टोपलीखाली धडपडत राहील, तितकी ती ताकद वाया जाते. प्रेमाने आलेल्या माणसाला पिल्लाला हात लावावासा वाटतो, जवळून फोटो हवा असतो, लहान मुलाच्या तळहातावर ते ठेवून पाहावेसे वाटते. या प्रत्येक इच्छेला नाही म्हणावे लागते, आणि गर्दीच्या दिवशी ते सोपे नसते. अंडी मुळात हलवावीत की जिथे घातली तिथेच जाळी लावून राखावीत, याबद्दलही अभ्यासक वाद घालतात. शक्य असेल तिथे जागेवरच राखण करावी, या मताचा मी आहे. वाळूच्या तापमानावर पिल्लू नर होणार की मादी हे ठरते. वाळू जास्त तापली तर माद्या अधिक निपजतात. आपण खड्डा कुठे घेतो, सावलीत की उन्हात, एवढ्या साध्या गोष्टीने एका पिढीचे गणित बदलू शकते. माया करणाऱ्यावर इतकी बारीक जबाबदारी येते.

याहून कठीण परीक्षा गिधाडांनी घेतली. कासवाचे पिल्लू पाहून कुणाचेही मन हलते. गिधाडाचे तसे नाही. मेलेले खाणारा, उघड्या मानेचा, अपशकुनी मानला गेलेला हा पक्षी. नव्वदच्या दशकात तो आपल्या आकाशातून नाहीसा होऊ लागला तेव्हा फार थोड्यांना वाईट वाटले. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या पंधरा वर्षांत 99 टक्क्यांहून अधिक घटली. कारण सापडायला 2003-04 उजाडले. गुरांना ताप, सूज, दुखणे यांवर दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या गुराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जात होते आणि त्याची मूत्रपिंडे निकामी करत होते.

या ठिकाणी थांबून विचार करावा असे मला वाटते. डायक्लोफिनॅक कोण देत होते? म्हाताऱ्या बैलाचे दुखणे पाहवत नाही म्हणून गुरांच्या डॉक्टरला बोलावणारा शेतकरी. ज्या गाईने आयुष्यभर दूध दिले तिला शेवटचे दिवस तरी वेदनेशिवाय जावेत, असे वाटणारे घर. म्हणजे कोट्यवधी गिधाडे मेली ती कुणाच्या क्रौर्याने नव्हे, दारातल्या जनावरावरच्या खऱ्याखुऱ्या दयेने मेली. जवळच्या जिवाची वेदना आपल्याला दिसते, दूरच्या जिवाची दिसत नाही, आणि दोघांमध्ये एका सुईचा संबंध असू शकतो हे कुणाच्या ध्यानीमनीही नसते. यावरचा उपाय शेतकऱ्याला दया सोडायला सांगणे हा नव्हताच. गिधाडाला न मारणारे, गुराच्याही कामी येणारे मेलॉक्सिकॅम हे औषध सापडले, 2006 साली डायक्लोफिनॅकच्या पशुवैद्यकीय वापरावर भारतात बंदी आली, आणि नंतर माणसांसाठीच्या त्याच औषधाच्या मोठ्या बाटल्याही बंद कराव्या लागल्या, कारण त्या गुरांकडे वळत होत्या. भावना जागी असूनही माहिती नसेल तर निर्णय किती भयंकर चुकतो, आणि माहिती मिळाली की तीच भावना किती लवकर योग्य वाट धरते, याचे याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही.

‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांतल्या उरल्यासुरल्या गिधाडांसाठी केलेले काम याच काळातले. घरटी असलेली झाडे शोधून त्यांवर लक्ष ठेवणे, गावोगाव गुरांचे मालक आणि पशुवैद्य यांच्याशी बोलणे, मेलेले जनावर पुरून न टाकता गिधाडांना मिळेल अशा जागी पोचवणे. शेवटचे काम वाचायला सोपे वाटते. मेलेला बैल टेम्पोत चढवून, दुर्गंधी सहन करत डोंगराच्या कुशीतल्या जागेवर नेऊन टाकायचा, आणि पक्षी येतील याची खात्री नाही. त्याला कुणी महोत्सव म्हणणार नाही. कुणी पथारी टाकून राहायला येणार नाही. तरी या संस्थेच्या नैतिक उंचीचा अंदाज घ्यायचा तर मी तिच्या कासवांइतकेच तिच्या गिधाडांकडे पाहीन. मन सहज जिथे जाते तिथे जाणे हे एक. ते जात नाही तिथेही कर्तव्य ओळखणे हे दुसरे. संस्थेला दोन्ही साधले.

खवले मांजराच्या बाबतीत त्यांनी आणखी एक वाट काढली. कोकणातल्या जंगलात हा प्राणी आहे, पण रात्री फिरतो, बिळात राहतो, धोका दिसला की अंगाचे वेटोळे करून गोळा होतो. वाघासमोर हे चालते. माणूस मात्र तो गोळा सरळ पोत्यात घालतो. खवल्यांच्या चोरट्या व्यापारामुळे हा जगातल्या सर्वाधिक तस्करी होणाऱ्या प्राण्यांपैकी एक झाला आहे. मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होते, त्यामुळे गेलेला प्राणी भरून निघायला फार काळ लागतो. संस्थेने गावांत पाहणी केली, कॅमेरे लावले, लोकांशी बोलणे सुरू केले. मग फेब्रुवारी 2020 मध्ये, जागतिक खवले मांजर दिनाच्या निमित्ताने, चिपळूण तालुक्यातल्या दुगवे गावी ‘खवलोत्सव’ झाला. खवले मांजराची प्रतिकृती पालखीत बसवून गावकऱ्यांनी तिची मिरवणूक काढली.

कोकणात पालखी कशाला म्हणतात हे ज्याला माहीत आहे त्यालाच या घटनेचे वजन कळेल. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते, मुंबईचा चाकरमानी त्यासाठी रजा टाकून गावी पोचतो, पालखीपुढे दिलेला शब्द मोडायची कुणाची छाती होत नाही. त्या पालखीचा मान एका मुक्या, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेल्या प्राण्याला देणे म्हणजे तो गावाचा आहे, गावाने त्याची राखण पत्करली आहे, असे सगळ्यांसमोर जाहीर करणे. कायद्यातले परिशिष्ट शहरातल्या फायलीत असते. पालखी अंगणात येते. हे सुचायला कोकणातच मुरलेला माणूस लागतो.

दरम्यान कासवांचे काम किनारा सोडून समुद्रात गेले होते. वाळूत अंडी वाचली, तरी मोठी कासवे मासेमारीच्या जाळ्यात अडकून मरतात. श्वास घ्यायला त्यांना पाण्यावर यावे लागते आणि जाळे त्यांना वर येऊ देत नाही. जाळ्यात कासव दिसले की ते सोडवायचे तर जाळे कापावे लागते. हजारो रुपयांचे जाळे. तांडेलाच्या मनात काय चालत असेल याची कल्पना करा. दया आहे, पण घरी कर्जही आहे. डिसेंबर 2018 मध्ये कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांनी या कोंडीवर उत्तर काढले. कासव, डॉल्फिन, बहिरी (व्हेल शार्क) असा संरक्षित जीव सोडवण्यासाठी जाळे कापले तर 25,000 रुपयांपर्यंत नुकसानभरपाई मिळेल. त्यासाठी सुटकेचे फोटो किंवा चित्रीकरण दाखवायचे. तेव्हापासून बोटीवरच्या मोबाइलमध्ये चित्रित झालेल्या सुटकेच्या कितीतरी दृश्यांत खलाशी ओरडून एकमेकांना सांभाळून कापायला सांगताना ऐकू येतात. पैशासाठी ते हे करतात असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पैशाने त्यांच्या दयेवरचा दंड माफ केला, एवढेच.

25 जानेवारी 2022 रोजी वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पाठीवर उपग्रह यंत्र बसवले गेले. पश्चिम किनाऱ्यावरच्या ऑलिव्ह रिडलेचा असा माग घेण्याचा हा पहिला प्रयत्न, म्हणून तिचे नाव ठेवले ‘प्रथमा’. भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन प्रतिष्ठान यांचा हा उपक्रम. पुढच्या वर्षी गुहागरला यंत्र लावलेली ‘बागेश्री’ केरळ ओलांडून श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली, तेव्हा दोन किनाऱ्यांची कासवे वेगळी, हा समज डळमळला. आणि जानेवारी 2025 मध्ये गुहागरच्या वाळूत एक मादी अंडी घालताना सापडली, तिच्या वल्ह्यावर धातूचा क्रमांक होता. ओडिशात 2021 साली अंडी घालताना तो तिला लावलेला होता.

म्हणजे गुहागरचा राखणदार ज्या कासवाची अंडी टोपलीत भरतो, त्याच कासवाला कधी काळी ओडिशाच्या किनाऱ्यावर कुणीतरी दुसऱ्याने जाऊ दिलेले असते, आणि वाटेत कारवार, मलबार, मन्नार इथल्या न जाणो किती जाळ्यांनी. त्या सगळ्या माणसांची एकमेकांशी ओळख नाही आणि होणारही नाही. आता कोकणात प्रश्न उभे आहेत ते वाळूचेच. किनारा झिजतो आहे, काही पुळणी दर पावसाळ्यात अरुंद होतात, धूप रोखायला घातलेल्या दगडी भिंती मादीला वर चढू देत नाहीत, आणि पर्यटनाचे दिवे रात्रभर समुद्राकडे तोंड करून जळतात. यंदाच्या हंगामात दिवे कुणी मालवायचे, भिंत कुठून सुरू करायची आणि कुठे थांबवायची, हे ठरवायला ग्रामपंचायतीच्या बैठकीत ज्यांनी घरटी राखली आहेत ती माणसे बसलेली असावीत, एवढी तरतूद तरी व्हायला हवी.